पिंपळ उपटू नये

ताब्यात एखादी जुनी सरकारी वास्तू आहे? दगडी जोते, सागवानी जिना, मोक्याची जागा? मग ती गरजूंच्या (म्हणजे बिल्डरच्या) हाती कशी सोपवायची, ते शिकून घ्या. गेल्या महिन्यात मीही शिकलो.

पन्हळीत पिंपळाचे रोप दिसले की उपटू नये. मुळे सांध्यांत शिरली की पुढचे काम तोच करतो.

दुरुस्ती मात्र जरूर करावी. सिमेंटने. मूळ भिंत चुन्याची. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते, खार सुटतो, पोपडे पडतात. मग 'धोकादायक इमारत' असा पत्रा ठोकावा.

'विक्री' म्हणू नये. 'दत्तक' म्हणावे. २०१८ मध्ये लाल किल्ला असाच एका सिमेंटवाल्यांच्या, म्हणजे दालमियांच्या, ओटीत गेला; पाच वर्षांत २५ कोटी खर्च करण्याच्या बोलीवर. नाहीतर 'भाडेपट्टा' आहेच. लंडनच्या युद्धखात्याची जुनी कचेरी हिंदुजांनी २०१४ मध्ये घेतली, ती २५० वर्षांच्या पट्ट्याने. मुदत संपली की किल्ली मागायला जाऊच आपण.

बोंब झालीच तर वर्गवारी करावी. २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांना नि लग्नांना देण्याची बातमी फुटली, तेव्हा खुलासा आला: महाराजांच्या इतिहासाशी जोडलेले किल्ले नव्हेत हो, दुसऱ्या वर्गातले! म्हणजे तटावर कोण मेले ते कुणाला पाठ नसेल, तर तिथे बुफे लावायला हरकत नाही.

उद्घाटनाला नारळ फोडावा.

आणि फाटकावर रखवालदार नेमावा. हा धडा माझ्यावरच गिरवला गेला. घाटमाथ्यावरचा डाकबंगला. वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर, त्यामुळे माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथल्या व्हरांड्यात गेलेल्या. मुलीला तो व्हरांडा दाखवायला नेले.

"सर, बँड?"

मनगटावर निळी कागदी पट्टी असेल तरच आत. नाहीतर कॅफेत बसा. चहा साडेतीनशे, जीएसटी वेगळा. "अहो, नुसता बघतो नि जातो." "अलाउड नाही, सर." खांबावर खात्याचा दगड तसाच, अक्षरे तेवढी सोनेरी रंगवलेली. खानसाम्याच्या खोलीत आता स्पा आहे. म्हातारा तिथे चुलीपुढे खोकत बसायचा!

अरे, कौले शाकारायला तुमच्याकडे कधी पैसे नव्हते. गळती लागली की ओव्हरसियरने वर लिहायचे आणि वरून उत्तर यायचे, तरतूद नाही. वडिलांची निम्मी नोकरी त्या पत्रांत गेली. आणि करार मागितला की माहिती अधिकाराचे कलम ८ तोंडावर फेकता, व्यापारी गुपित म्हणून! कसले गुपित? जागा आमची, पैसा आमचा, गळतीही आमचीच होती. कुणाला दिला, किती वर्षांसाठी, किती रुपयांना, ते फाटकावर लावा. धोकादायकचा पत्रा ज्या खिळ्यांवर होता, ते खिळे अजून तिथेच आहेत.