तंबू पाण्याला चिकटून नको
राखीव क्षेत्रातल्या तळ्याकाठी कॅम्पिंग करण्यावरच्या या लेखात 'तंबू जितका पाण्याजवळ तितकी मजा' असं लिहिलंय ना, तिथेच गडबड आहे. आम्ही पण एकदा हेच केलं, तळ्यापासून जेमतेम दहा पावलांवर टेन्ट टाकला, संध्याकाळी फोटो एकदम झकास आले आणि पहाटे तीनला जाग आली ती नाकावर टपकन थेंब पडला म्हणून. आधी वाटलं पाऊस, झिप उघडून बघतो तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं! आमच्याच श्वासाची वाफ कापडाला लागून गळत होती. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून सरकत सरकत काठाच्या खोलगट भागात येऊन बसते, त्यात पाण्याजवळचा दमटपणा, मग स्लीपिंग बॅग ओली होणारच. बरं, हवा जायची वरची खिडकी थंडी वाजते म्हणून आम्हीच बंद केलेली, म्हणजे अक्कल आमचीही तेवढीच.

आणि राखीव क्षेत्र आहे ते, रात्री प्राणी पाण्यावर येतात, त्यांच्या वाटेतच आपण आडवे पडलो तर ते बिचारे जाणार कुठे? साधारण 60-70 मीटर मागे, जरा उंचवट्यावर, आधीच मोकळ्या असलेल्या जागेत टाका, भांडी धुतलेलं पाणी पण तेवढंच लांब ओता, साबणावर 'बायोडिग्रेडेबल' (म्हणजे निसर्गात आपोआप कुजून जाणारा) छापलेलं असलं तरी. बाकी लेखात लाल प्रकाशाच्या हेडलॅम्पचं, म्हणजे डोक्याला बांधायच्या दिव्याचं लिहिलंय ते मात्र पटलं, अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत त्याने.