पॅड हवंय? आधी सही करा!

पालकसभेतून आल्यापासून डोकं तापलंय. विषय साधा होता. मुलींच्या स्वच्छतागृहात फुकट पॅड ठेवायचे, जिला लागेल तिने घ्यावेत. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ठेवा, पण कपाटात, कुलूप लावून. वहीत नोंद करून द्या, नाहीतर मुली घरी नेतील." निम्म्या सभेने माना डोलावल्या!

नेतील तर नेऊ देत ना. पाळी काय शाळेच्या घंटेबरोबर थांबते? रात्री, सुट्टीच्या दिवशी त्या मुलीने काय करायचं? साबणाची नोंद ठेवता का कधी?

ही वही मी पाहिलीये. आमच्या शाळेत होती. नाव, इयत्ता, तारीख, सही आणि शेवटचा रकाना 'कारण'. सातवीत माझ्या बाकावरची मैत्रीण पॅड मागायला गेली. वरच्याच ओळीत वर्गातल्या एका मुलाची सही होती, गुडघा फुटला म्हणून पट्टी नेलेली. तिने 'कारण'खाली लिहिलं, डोकेदुखी. मॅडमनी गोळी दिली. ती गोळी मुठीत धरून परत आली आणि शाळा सुटेपर्यंत बाकावरून उठली नाही. मधल्या सुट्टीतसुद्धा नाही.

आता म्हणाल, तोंडाने सांगायचं होतं. बारा वर्षांची पोर, मागे रांग, सांगते होय! आणि "दप्तरात एक ठेवायला काय होतं" म्हणणाऱ्यांनो, सुरुवातीची एक-दोन वर्षं पाळी तारीख पाळत नाही, हे तुमच्या घरातल्या कोणालाही विचारा. शिवाय ठेवायला आधी घरात असावं लागतं.

खर्च आहे, मान्य. पॅड टाकून संडास तुंबतात, तेही मान्य. मग झाकणाचे डबे ठेवा, ते रोज रिकामे करा. केनियाने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा सरकारी शाळांतल्या वयात आलेल्या मुलींना मोफत पॅड आणि वापरलेल्या पॅडची सुरक्षित विल्हेवाट, दोन्ही जबाबदाऱ्या सरकारवर टाकल्या. स्कॉटलंडच्या संसदेने 2020 मध्ये कायदा एकमताने मंजूर केला. त्यात नुसतं फुकट द्या असं नाही, सहज मिळालं पाहिजे आणि घेणारीचा मान राखला गेला पाहिजे, असंही आहे. कुलूपबंद कपाटात आणि त्या 'कारण'च्या रकान्यात कुठला आलाय मान?

दुपारी लिहायला बसले तेव्हा त्या बाईंना चार शब्द सुनवायचे होते. आता वाटतंय, त्यांनाही कोणीतरी असंच वागवलं असेल. लपवून न्या, लपवून धुवा, कोणाला कळू देऊ नका. आपण सगळ्याच त्यात वाढलो. माझी मैत्रीण सुद्धा त्या दिवशी मला काही बोलली नाही, गोळी का आणली ते मला खूप नंतर कळलं. पण म्हणून तीच वही आता आपल्या मुलींपुढे सरकवायची? नाही. हे मी होऊ देणार नाही.

उद्या मुख्याध्यापकांना अर्ज देतेय. पॅड स्वच्छतागृहात, उघड्या फळीवर, नोंद नाही, शेजारी झाकणाचा डबा. सातवीच्या खालच्या वर्गांसाठीही, कारण काहींना पाळी चौथी-पाचवीतच येते. ज्यांची मुलं या शाळेत आहेत त्यांनी सह्या द्या. बाबा लोकांनीसुद्धा.