सोडा टाकला, वाइन निळी झाली. मग?

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या मामांनी मी नेलेली नाशिकची शिराझ, म्हणजे रेड वाइन, मोरीत ओतली. जवळजवळ अख्खी बाटली. त्याआधी वाटीत थोडी काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला होता. वाइन निळसर-काळी पडली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजप्रमाणे भेसळ 'सिद्ध' झाली. लगेच मला फोन: "बाळ, तुमचं ते शनिवारचं वाइन चाखायचं मंडळ बंद करा. विष पिताय तुम्ही."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: हजाराच्या आतली देशी वाइन म्हणजे स्पिरिट, रंग आणि गंधक. सोड्याने रंग बदलला की भेसळ पक्की. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल. वाइन जितकी जुनी तितकी भारी. आणि महागडी रेड वाइन रोज एक ग्लास घेतली की हृदयाला गोळ्या लागत नाहीत. खाली 'जनहितार्थ' आणि जोडलेले हात.

आधी सोडा, कारण इतका मूर्खपणा एका ओळीत क्वचित सापडतो. शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. म्हणून कुणी हळदीत भेसळ आहे म्हणून वरण ओतून देत नाही. हळदीचा रंग साबण-सोड्यासारख्या अल्कलीत बदलतो, तसाच द्राक्षाच्या सालीतलाही. त्याचं नाव अँथोसायनिन. वाइन आंबट असते तोवर तो लाल दिसतो, सोड्याने आंबटपणा मारला की निळा-करडा होतो. म्हणजे मामांची शिराझ निळी पडली, कारण तिचा रंग द्राक्षाचाच होता! बाजारू लाल रंग असता तर ती कदाचित लालच राहिली असती. चाचणी बरोबर उलटी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. काळी द्राक्षं आणा, सालं पाण्यात कुस्करा, सोडा टाका. मी पुढच्या शनिवारी मामांच्या ओट्यावर तीन वाट्या मांडल्या: एकीत सालांचं पाणी, दुसरीत साडेसातशेची देशी रेड, तिसरीत मामांनी भाच्याकडून विमानतळावरून मागवलेली फ्रेंच बाटली, एक चमचा. तिन्ही निळ्या. मामा बराच वेळ तिसऱ्या वाटीकडे बघत होते.

गंधक. हो, असतं. वाइन टिकावी म्हणून सल्फाइट, म्हणजे गंधकाचं संयुग, घालतात, महागड्या फ्रेंच वाइनमध्येही. युरोपात साध्या रेडला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि बेदाण्यांना किलोमागे 2000. तासगावकडे पिवळ्याधमक बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात, ते आपण प्रसादाच्या शिऱ्यात टाकतोच. दम्याच्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी जपावं. पण त्याचा बाटलीच्या किमतीशी संबंध नाही.

झाकणाचं काय बोलायचं? न्यूझीलंडची बहुतेक वाइन फिरकीच्याच झाकणात येते. आणि नाशिकची पांढरी वाइन पाच वर्षं कपाटात ठेवून 'भारी' होत नाही, मरते. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. लेबलवरचं साल बघा आणि लवकर संपवा.

आता स्वस्त म्हणजे वाईट, यातलं अर्धं खरं मान्य करते. गोव्यातून येणारी गोड 'पोर्ट' म्हणजे बरीचशी साखर. आणि दुकानाच्या दारात उन्हात उभी असलेली बाटली मी फुकटही घेणार नाही. पण किमतीवरून चव कळते हा भ्रम आहे. 2008 साली 'जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्स'मध्ये सहा हजारांहून जास्त आंधळ्या चाखण्यांचा अभ्यास आला. बाटल्या दीड-दोन डॉलरपासून दीडशे डॉलरपर्यंतच्या. किंमत न सांगता चाखायला दिल्यावर सामान्य लोकांना महाग वाइन थोडी कमीच आवडली. प्रशिक्षण घेतलेल्यांचं मत मात्र किंचित महागाकडे झुकलं. आमच्या मंडळातल्या सहा जणांपैकी कुणी प्रशिक्षित नाही.

आमचं मंडळ म्हणजे महिन्यातून एक शनिवार, कुणाच्या तरी हॉलमध्ये, आठशेच्या आतल्या चार बाटल्या. बाटलीला वर्तमानपत्र गुंडाळायचं, मार्करने आकडा घालायचा. सोबत पाणी आणि कोरडी भाकरी. चिवड्याला बंदी, तिखटाने जीभ बधिर होते. एकदा एकीने गुपचूप चार हजारांची बाटली घुसवली. ती तिसरी आली. पहिली आलेली शेनिन ब्लाँ, एक पांढरी वाइन, मी आजही घेते.

राहिलं औषध, आणि इथे माझी चेष्टा संपते. मेसेज वाचून मामांनी बीपीची गोळी दिवसाआड केली होती. रोज रात्री स्टीलच्या पेल्यातून फ्रेंच 'डोस'. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही. त्यात नाशिक, फ्रान्सचं बोर्दो, सातशे, सात हजार असा भेद नाही. मी वाइन पिते ती आवडते म्हणून. ती औषध आहे असं मी कुणाला सांगणार नाही, आणि सांगणाऱ्याने आधी मामांचं बीपी येऊन मोजावं.

गोळी पुन्हा रोज सुरू आहे, मामींनी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. फ्रेंच बाटली त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवली आहे. मेसेज मात्र मामांनी अजून डिलीट केलेला नाही. म्हणाले, "झाकणाचं बरोबर असेल की."