सेकंदात संपले म्हणे. पण होते किती?

नव्या फोनचा दुपारी बाराचा ऑनलाइन सेल. मी पावणेबारालाच लॉगिन करून, पत्ताबित्ता भरून तयार. बाराच्या ठोक्याला बटण दाबलं, गोल चक्र फिरत राहिलं आणि पाटी आली: 'स्टॉक संपला'. पाच मिनिटांत कंपनीची पोस्ट. काही सेकंदांत सगळे फोन खपले, तुमच्या प्रेमाबद्दल आभार! किती फोन होते, त्याबद्दल चकार शब्द नाही.

खाली कमेंट्सचा एकच सूर, मुद्दाम तुटवडा करतात हे लोक. मला ते अर्धंच पटतं.

फोनला शेकडो सुटे भाग लागतात आणि त्यातला एक जरी अडला तरी बाकीचे नुसते पडून राहतात. 2010 मध्ये एचटीसी कंपनीच्या डिझायर या फोनला सॅमसंगचे अमोलेड जातीचे स्क्रीन पुरेनात, शेवटी एचटीसीने सोनीचे एलसीडी जातीचे स्क्रीन बसवले. 2022 च्या नोव्हेंबरात चीनमधल्या झेंगझोऊच्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्यावर कोविडचे निर्बंध आले, तर आयफोन 14 प्रोसाठी जास्त थांबावं लागेल असं खुद्द ॲपलने जाहीर केलं. ऐन सिझनमध्ये, हातातली विक्री सोडून असली नाटकं कोण करेल?

शिवाय चिप काही मागितली की लगेच मिळत नाही. कोऱ्या वेफरपासून, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून, तयार चिप व्हायला साधारण तीन महिने जातात. म्हणजे फोन लोकांना आवडणार की नाही हे कळायच्या आधीच ऑर्डर द्यायची. जास्त बनवले आणि पडून राहिले, तर दर महिन्याला भाव उतरणार. कमी बनवले तर? तुम्ही-आम्ही थांबणार, थोडी चिडचिड करणार. त्यात पहिल्या आठवड्यात उडते तेवढी झुंबड पुढे राहत नाही, मग त्या आठवड्यापुरती कारखान्यात उत्पादनाची जादा लाइन टाकायची कशाला? त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही हात आखडताच घेतला असता.

तेव्हा तुटवड्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याचा डांगोरा पिटण्याबद्दल. माल कमी आहे हे आधीच माहीत असताना बाराचा मुहूर्त काढायचा, लोकांना स्क्रीनसमोर ताटकळत ठेवायचं आणि वर 'सेकंदात संपले' म्हणून मिरवायचं. सरळ नंबर लावून घ्या, पाच आठवडे लागतील म्हणा. थांबू की आम्ही.

तीन आठवड्यांनी रात्री सहज बघितलं, तर तोच फोन, तोच रंग, निवांत उपलब्ध. घेतला नाही. तोवर जुन्याची बॅटरी बदलून घेतली होती.