लेझरच्या रेघा आणि भट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरच्या, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याच्या, पत्र्यावर लेझरने रेघा मारून लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) कमी करतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "तीस वर्षं कोअर बांधतोय. पत्र्यावर ओरखडा दिसला की आम्ही पट्टी बाजूला काढतो. इथे कंपनीच ओरखडे मारून जादा पैसे घेते. आणि भट्टीतून निघाल्यावर त्यातलं उरतं काय? पाच-दहा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?"

भट्टीचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी. लेझरचा परिणाम पत्र्यात राहिलेल्या ताणामुळे होतो. वाउंड कोअर (पत्रा गुंडाळून केलेला) आठशे अंशांच्या आसपास अनील केला, म्हणजे भट्टीत तापवून हळू थंड केला, की तो ताण निघून जातो आणि फायदाही जातो. म्हणून लेझरचा पत्रा पट्ट्या रचून बांधायच्या, भट्टीत न जाणाऱ्या कोअरसाठी. वाउंड कोअरसाठी दातेरी रोलरने किंवा ॲसिडने बारीक खाचा पाडलेला पत्रा मिळतो. खाचा भट्टीनंतरही टिकतात. मी "कुठल्याही ट्रान्सफॉर्मरला" असं सरसकट लिहिलं होतं. ते वाक्य आज दुरुस्त केलं.

ओरखड्याचं मात्र पटत नाही. तुमचा ओरखडा कुठल्याही दिशेला जातो, पत्र्यावरचं इन्सुलेशनचं कोटिंग फोडतो. लेझरच्या रेघा रोलिंगच्या दिशेला आडव्या, काही मिलिमीटर अंतरावर, मोजून दिलेल्या असतात. निप्पॉन स्टीलने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हा पत्रा आणला, तेव्हा लेझरच्या पल्सने कोटिंग जळायचं आणि पुन्हा चढवावं लागायचं, हे खरं. पुढे सतत झोताच्या लेझरने कोटिंग न फोडता ताण देता येऊ लागला.

मुळात रेघा लागतातच का? नॉर्मन गॉस यांच्या १९३४च्या पेटंटपासून सगळी धडपड पत्र्यातले दाणे, म्हणजे धातूचे स्फटिक, एका दिशेला लावण्याची होती. हाय-बी या वरच्या दर्जाच्या पत्र्यात ते इतके नीट लागले की दाणे मोठे झाले आणि आतले चुंबकीय डोमेनही, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेले पट्टेही, रुंद झाले. रुंद डोमेन म्हणजे दोन डोमेनमधल्या सीमा, म्हणजे भिंती, कमी. मग सेकंदाला पन्नास आवर्तनांत तेवढ्याच भिंतींना लांब आणि जोरात धावावं लागतं, आणि भिंतीजवळच्या एडी करंटचा (पत्र्यातच गोल फिरणाऱ्या प्रवाहांचा) लॉस वेगाच्या वर्गाने वाढतो. रेघांच्या ताणाने डोमेन अरुंद होतात, म्हणजे भिंती वाढतात. भिंती दुप्पट करा: प्रत्येकीचा वेग निम्मा, तिचा लॉस पाव, एकूण निम्मा. अर्थात लॉसच्या या एका भागातच. आणि लेझरचा जोर जास्त झाला तर हिस्टेरिसिस लॉस (चुंबकत्व उलटसुलट करण्यात जाणारी ऊर्जा) वाढून कमावलेलं गमावतो.

डोमेन व्ह्यूअर म्हणजे एक चकती, आत द्रवात लोहाचे अतिसूक्ष्म कण. साध्या हाय-बी पट्टीवर ती ठेवली तेव्हा रुंद पट्टे दिसले, शेतातल्या सऱ्यांसारखे. लेझरच्या पट्टीवर तेच पट्टे कितीतरी अरुंद, मधून आडव्या रेघा. ते पाहिल्यावर माझी शंका फिटली.

राहिले टक्के. समजा एका डीपीचा नो-लोड लॉस, म्हणजे कुणी वीज वापरत नसतानाही होणारा, २०० वॅट आहे आणि आठ टक्के वाचले, म्हणजे १६ वॅट. गाव झोपलं तरी डीपी गुणगुणतच असते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर १४० युनिट, पंचवीस वर्षांत साडेतीन हजार. एका डीपीचे.

तुमच्याकडे भट्टी आहेच. लेझरच्या पत्र्याचे दोन तुकडे घ्या, एक भट्टीतून काढा आणि दोन्ही व्ह्यूअरखाली शेजारी ठेवा. फोटो पाठवलात तर लेखात लावतो.