तज्ज्ञांच्या मते हा चहा नाही

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत माझी चहाची चकती अडवली गेली, याचे मला फारसे दुःख नाही. अडवणे हे त्यांचे कामच आहे, आणि घट्ट दाबलेली, कागदात गुंडाळलेली एखादी वनस्पतिजन्य वस्तू क्ष-किरणांच्या पडद्यावर नारिंगी रंगाचा गोळा होऊन उमटली, तर कोणताही जागा अधिकारी ती बाहेर काढायला लावणारच. माझा राग आहे तो रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांवर. त्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही ते प्रकरण निकालात निघाले त्यांच्याच साक्षीवर.

ही चकती म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला पु-अर चहा. तिथल्या मोठ्या पानांचा हा चहा वाफेवर मऊ करून चकतीच्या आकारात दाबतात, अशा एका चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम असते, आणि ती वर्षानुवर्षे ठेवली तर सूक्ष्मजीव आणि हवा मिळून तिच्या कडवटपणाची धार हळूहळू बोथट करतात. ती फोडून तुकडा भांड्यात टाकायचा, पहिले उकळते पाणी चटकन ओतून फेकून द्यायचे, म्हणजे धूळ निघते आणि पाने जागी होतात. खरा चहा त्यानंतरचा. असा चहा समजणाऱ्या एका मित्राकडे मी निघालो होतो.

"हे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

"चहा."

त्याने चकती नाकाशी नेली. पु-अरला ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो, आणि ज्याला तो आवडतो त्याला तो फार आवडतो. अधिकारी त्यांपैकी नव्हता. तेवढ्यात मागच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि कोणीही न विचारता निकाल दिला, "साहेब, ही तर गोवरी आहे."

अधिकाऱ्याने खरे तर त्यांना मागे सरायला सांगायला हवे होते. त्याने त्यांना विचारले, "तुम्हाला चहातलं कळतं का?"

"चाळीस वर्षं पितोय. दिवसाला सहा कप. चहा असा नसतो."

चाळीस वर्षे आणि सहा कप ही पात्रता त्या टेबलापाशी निर्विवाद मान्य झाली. माझीही काही वर्षे चहात गेली आहेत, हे मी सांगून पाहिले. परंतु ज्याच्या बॅगेत माल सापडला त्याची साक्ष कोण धरतो? तेव्हा मी शास्त्राचा आधार घेतला. पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा आणि हा पु-अर, हे सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडापासून होतात आणि पाने खुडल्यावर त्यांचे काय केले जाते यावर त्यांचा प्रकार ठरतो, असे मी शक्य तितक्या नम्रपणे समजावले.

"बघा, आता लॅटिन बोलायला लागले," गृहस्थ म्हणाले, आणि अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला विश्वासही मावळला.

मग त्याला कागदावर छापलेले २०१२ हे वर्ष दिसले. "हा तर केव्हाच खराब झाला असेल. वापरायची अंतिम तारीख कुठे आहे?" जुना झाला म्हणूनच तो चांगला आहे, असे मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला कळले, की बेकायदा माल बाळगणारा मनुष्य नेमकी अशीच वाक्ये बोलत असणार. वरिष्ठांना बोलावणे गेले. वरिष्ठ आले, त्यांनीही वास घेतला, आणि माझ्याकडे पाठ करून गृहस्थांना विचारले, "यात दूध घालतात का?"

"अजिबात नाही," गृहस्थ ठामपणे म्हणाले. त्यांनी ही वस्तू आयुष्यात प्रथमच पाहिली होती.

"मग चहा कसा?"

यानंतर चकतीवरून कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घातली गेली, आणि ही वस्तू स्फोटक नाही असा निर्वाळा यंत्राने दिला. मी सुटकेचा श्वास सोडला. गृहस्थांनी मात्र, "स्फोटक नाही म्हणजे चहा आहे, असं थोडंच होतं?" हा तर्कशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड मुद्दा उपस्थित केला. आत काही दडवले आहे का हे पाहण्यासाठी चकती टेबलाच्या कडेवर आपटून फोडण्यात आली. ती सुरीच्या पात्याने अलगद सोडवायची असते. आपटली की पाने चुरडतात, चुरडलेल्या पानांतून कडू-तुरट द्रव्ये पाण्यात भराभर उतरतात, आणि इतक्या वर्षांत जे मवाळ झाले होते ते पुन्हा कर्कश होते. आतून अर्थातच चहाच निघाला. मला वाटले, आता तरी मिटले.

"जाऊ द्या हो साहेब," गृहस्थ कनवाळूपणे म्हणाले, "औषधाचं दिसतंय बिचाऱ्यांचं. माझ्या आतेसासूबाईही असंच काहीतरी उकळून प्यायच्या." वरिष्ठांना हे तत्काळ पटले आणि माझ्यादेखत नोंदवहीत 'औषधी काढ्याचे साहित्य' असे लिहिले गेले. पाठोपाठ गृहस्थांची बॅग यंत्रातून बाहेर आली. त्यांनी तीतून एक देखणा डबा काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "याला चहा म्हणतात." डब्यात कॅमोमाइलच्या पुड्या होत्या. कॅमोमाइल ही वाळवलेली फुले असतात आणि त्यांत चहाचे पान औषधालासुद्धा नसते. वरिष्ठांनी मान डोलावली. माझा चहा काढा ठरला, त्यांचा काढा चहा ठरला, आणि मला बूट घालून पुढे सरकण्याची आज्ञा झाली.

तपासणी करणाऱ्यांनी माझ्यावर संशय घ्यावा, त्याचे काही नाही. पण चहा पितो तो प्रत्येक जण चहाचा न्यायाधीश असतो, ही गोष्ट मला आता खरोखर जाचू लागली आहे. वेगळी चव शोधणाऱ्याला घरीदारी, कचेरीत, सगळीकडे खुलासे द्यावे लागतात आणि आपल्या सहा कपांपलीकडे कधीही न गेलेल्याला कोणी काही विचारत नाही. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराला मस्कट द्राक्षांचा जो गंध येतो, त्याचे मोठे श्रेय पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांकडे जाते. कीड लागली की झाड बचावासाठी गंधद्रव्ये तयार करते, आणि आपण त्या झाडाची तक्रार घोटाघोटाने पितो. हे मी उत्साहाने सांगितले, की ऐकणारा हातातला कप खाली ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे किडका?" जपानी ग्योकुरोची झुडपे तोडणीआधी सुमारे तीन आठवडे सावलीत ठेवतात, त्यामुळे पानांतले थिॲनिन हे अमिनो आम्ल टिकून चवीला दाट गोडसरपणा येतो, आणि म्हणून त्यावर उकळते पाणी न ओतता ५० ते ६० अंशांचे ओततात. पाणी निवण्याची वाट पाहत मी उभा असलो, की गॅस संपला का, अशी चौकशी होते. पाइनच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूचाँग मी आता खिडकी लावूनच करतो, कारण शेजारी काळजीने बेल वाजवतात.

एकच पद्धत मानणाऱ्यांना आधार हवाच असेल तर तोही आहे. ब्रिटिश मानक संस्थेने १९८० मध्ये चहा करण्याचे रीतसर मानक प्रसिद्ध केले, बीएस ६००८: दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, आणि तो मुरायला सहा मिनिटे. निरनिराळे नमुने एकाच पद्धतीने तयार व्हावेत, म्हणजे त्यांची तुलना करता येईल, एवढाच त्याचा हेतू होता. चहा चविष्ट व्हावा असा त्याचा दावाही नव्हता. याच सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये साहित्याचे इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारे विनोदी पारितोषिक, मिळाले. त्या गृहस्थांना हे मानक फार आवडले असते, मात्र सहा मिनिटे गप्प बसण्याची अट त्यांना झेपली नसती.

विमानाची वाट पाहत मी चकतीचे अवशेष कागदात गोळा करत होतो, तोच शेजारची खुर्ची भरली.

"राग मानू नका हं," गृहस्थ म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "पण याने वजन उतरतं म्हणतात, ते खरं का?"

मी 'तसे म्हणतात खरे' एवढेच म्हणालो.

"मग थोडा द्या की. हिला हवाच होता असला काहीतरी."

अखंड राहिलेले तुकडे मी आतल्या कप्प्यात सरकवले आणि तळाशी उरलेला सगळा भुगा त्यांना पुडीत बांधून दिला. किती घालायचा आणि किती वेळ ठेवायचा, हेही त्यांनी आस्थेने विचारून घेतले. चांगला दोन चमचे घाला आणि सावकाश मुरू द्या, असे मी सांगितले. पहिले पाणी फेकून द्यायचे असते, हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही आपणहून बोललो नाही.