तीन पोती कीर्तन

परवा मी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सचे चार रुपये भरले. चार रुपयांचं काही नाही. पण का भरले, हे अजून डोक्यातून जात नाही.

अण्णांना पैठणला न्यायचं होतं. लातूरहून अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड करत जायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीतच. वाटेत त्यांना गावच्या सप्त्यातलं काल्याचं कीर्तन ऐकायचं होतं. पुतण्यानं ते रेकॉर्ड केलेलं, २ तास ५० मिनिटं. माझी गाडी सेकंडहँड. तिला पेनड्राइव्हचं भोक नाही, ब्लूटूथ नाही, आहे ती फक्त सीडीची फट. आणि माझ्या लॅपटॉपला नेमकी ती फट नाही. म्हणून झेरॉक्सवाल्याकडं गेलो.

पोरानं फाइल उघडून तोंड वाकडं केलं. "सर, वेव्ह फाइल आहे. मिनिटाला १० एमबी खाते. पावणेदोन जीबी भरली. डिस्क ७०० एमबीची."

बाजूच्या स्टुलावर एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. मांडीवर सातबारा, त्यावर चुन्याची डबी.

"किती म्हनला मिनिटाला?"

"दहा, काका."

"आन् म्हाराज गप बसले तर?"

पोरगा जरा अडखळला. "तरी दहाच."

"खाकरले तर?"

"दहाच."

म्हाताऱ्याचा अंगठा थांबला. "म्हंजी सोयाबीनसंगं मातीबी त्याच भावानं? मोंढ्यात आमची जरा ओल निगाली की भाव पाडतेत. आन् हितं खाकरलेलं बी मापात?"

पोरानं त्याला समजवायला घेतलं. मला नव्हे, त्याला. "काका, म्हणून आपण एमपीथ्री करू. त्यात कानाला ऐकू न येणारं काढून टाकतात. दहाची एक एमबी होते."

"मंग आजून बारीक दळ की. आमाला तसंबी कुठं ऐकू येतंय?"

"स्टिरिओचं मोनो केलं की आणखी निम्मं. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज नाही, एकच."

"म्हाराज एकच हायती न्हवं? मंग दोन कामून टाकलालाव?" हे मात्र माझ्याकडं बघून. जणू दुसरा महाराज मीच घुसवला होता. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेल्या चार पोरी फिस्सकन हसल्या.

पोरानं एमपीथ्री करून डिस्क राइट केली. खाली जाऊन गाडीत घातली. गाडीनं ती दोनदा आत ओढली, घरघरली, "एरर" दाखवून बाहेर ढकलली. पुन्हा जिना चढलो. तेव्हा कळलं की माझ्या गाडीला डाटा सीडी, म्हणजे नुसत्या फाइली भरलेली, चालत नाही, गाण्याच्या कॅसेटसारखी थेट वाजणारी ऑडिओ सीडीच लागते. आणि ऑडिओ सीडी करताना एमपीथ्री परत उलगडून मूळच्या मापाला येते. तुम्ही कितीही दाबा, एका डिस्कवर ८० मिनिटं म्हणजे ८० मिनिटं. १७० मिनिटांना तीन डिस्क.

"म्हंजी दळून आनल्यालं पीट पुन्ना जवारी झालं," म्हातारा समाधानानं म्हणाला.

१९८२ साली ही चकती बाजारात आली तेव्हा लोकांना तिचं केवढं अप्रूप. अहो, पण ८० मिनिटांत काय होतं? आमच्याकडं तेवढ्यात महाराजांचा अभंगाचा पहिला चरण सुटत नाही, आणि निम्मा वेळ माइकवाल्याला झापण्यात जातो. बरं, गाडी माझी चांगली चालते. इंजिन ठणठणीत, टायर नवे. पण एक भोक नाही म्हणून ती जुनी, आणि तिच्यामुळं मीही. दुकानातलं पोरगं "सर, गाडीच बदलून टाका ना" म्हणालं, जणू गाडी त्याच्याकडं शंभर रुपयाला रिकाम्या डिस्कसारखी मिळते!

हिशोब झाला. तीन डिस्क, राइट करायचे वेगळे, आणि वाया गेलेल्या चौथीचेही लावले.

"काका, तुमचे चार रुपये."

"सुट्टं न्हाई. ह्या सायबात धर. म्या इतका हिशोब लावून दिला न्हवं त्येंना?"

पोरानं धरले! मी गप्प बसलो. गप्प बसलं तरी तेवढंच लागतं, हे आत्ताच शिकलो होतो.

काल पहाटे निघालो. पहिली डिस्क नीट वाजली. केजच्या आधी रस्त्याच्या कडेला थांबून दुसरी घातली. मांजरसुंब्याच्या घाटात गवळ्याची पोरं एकावर एक चढली, कृष्ण पेंद्याच्या खांद्यावर पाय देऊन वर गेला, हात हंडीला लागणार... आणि गाडीत शांतता. उरलेली दहा मिनिटं तिसऱ्या डिस्कवर. तिसरी डिस्क डिकीत, पिशवीत, दशम्यांच्या खाली. समोर उसाचा ट्रक, मागं एसटी हॉर्न मारतेय.

अण्णांनी डोळे मिटलेलेच होते. "फुटली का रे हंडी?"

"फुटली, अण्णा."

"मग बीडात च्याला थांब."